हाडांची साक्ष

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव नावाचे एक लहानसे खेडे आहे. त्याच्या शिवारात जुन्या पांढरीची काही टेकाडे होती. ज्या जागी पूर्वी मनुष्यवस्ती नांदून गेली, तेथील राखाडी भुसभुशीत मातीला आपल्याकडे 'पांढर' म्हणतात. १९६८ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्वज्ञांनी या पांढरीत उत्खनन आरंभिले आणि १९८३ पर्यंत ते चालविले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी व त्यांचे सहकारी यांच्या परिश्रमांतून एक संबंध गाव प्रकाशात आले. इ. स. पू. १६०० पासून सुमारे इ. स. पू. ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षे, ते गाव नांदत होते. कुडाच्या भिंतींची घरे, धान्याची पेवे, चुली, तांबड्या रंगावर काळी नक्षी काढलेली मडकी, तांब्याच्या थोड्याशा वस्तू, शेताला पाणी नेणारा कालवा, असे पुष्कळ काही तेथे सापडले.

पण त्या गावात एकही अक्षर सापडले नाही. तेथील लोकांना लेखनकला अवगत नव्हती. गावाला ते काय म्हणत, आपल्या मुलांची नावे काय ठेवीत, कोणत्या देवाला नवस करीत, यांतले काहीच त्यांनी लिहून ठेवलेले नाही. राजेरजवाड्यांचा इतिहास ताम्रपटांवर व शिलालेखांवर उरतो. ज्यांनी काही लिहिले नाही आणि ज्यांच्याविषयी कोणी काही लिहिले नाही, अशा माणसांचा इतिहास कोठे शोधावा?

इनामगावच्या घरांच्या जमिनीखाली त्याचे एक उत्तर दडलेले होते. जमिनीचा सारवलेला थर खरवडीत असता मध्येच एखाद्या ठिकाणी माती निराळ्या रंगाची दिसे. तेथे खुरपी बाजूस ठेवून कुंचल्याने हळूहळू माती झाडावी, तो मातीचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आढळत. त्या कुंभांत लहान बालकाची हाडे असत. मूल दगावले म्हणजे आईबाप त्याला गावाबाहेर नेत नसत. घरातच किंवा अंगणात खड्डा करून पुरीत. अशी लहानथोरांची मिळून दोनशेहून अधिक दफने इनामगावला सापडली आणि त्यांत लहान मुलांची संख्या फार मोठी होती.

असा सांगाडा आढळला की पुरातत्त्वज्ञ तो लगेच उचलीत नाही. प्रथम तो जसाच्या तसा राहू देऊन त्याची छायाचित्रे व मापे घेतात. डोके कोणत्या दिशेस आहे, हातपाय कसे ठेवले आहेत, जवळ कोणती भांडी आहेत, हे सारे टिपून घेतात. एकदा हाडे हलविली की ही माहिती पुन्हा मिळत नाही. नंतर प्रत्येक हाड क्रमांक घालून प्रयोगशाळेत जाते आणि तेथे शारीर मानवशास्त्रज्ञाचे काम सुरू होते. इनामगावच्या अस्थींचा असा अभ्यास डॉ. सुभाष वाळिंबे व अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन लुकाक्स यांनी केला.

पहिला प्रश्न वयाचा. मुलांच्या बाबतीत त्याचे उत्तर दात फार चांगले देतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास कायमची पहिली दाढ उगवते आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी. बारा वर्षांच्या मुलाने आरशासमोर तोंड उघडून पाहिले, तर ही दुसरी दाढ त्याला हिरडीतून डोकावताना दिसेल किंवा नुकतीच वर आलेली आढळेल. तीन हजार वर्षांपूर्वीच्या मुलाच्या तोंडातही ती याच सुमारास उगवत होती. जे दात उगवलेलेच नाहीत, ते जबड्याच्या आत कितपत तयार झाले आहेत हे क्ष-किरणांनी पाहता येते. त्यामुळे तान्ह्या बालकाचे वय महिन्यांच्या हिशेबाने सांगता येते. एवढेच नव्हे, तर जन्माच्या वेळी बालकाच्या शरीराला जो मोठा धक्का बसतो, त्याची एक सूक्ष्म रेषा तयार होत असलेल्या दुधाच्या दातात उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली ती रेषा दिसली, तर ते मूल जन्मानंतर काही दिवस तरी जगले होते, असे समजते. ती नसेल, तर त्याला तेवढेही आयुष्य लाभले नव्हते.

पुढे दातांऐवजी हाडांची टोके पाहावी लागतात. नवजात बालकाच्या शरीरात सुमारे ३०० हाडे असतात. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६. मधली हाडे नाहीशी झालेली नसतात. ती एकमेकांस जुळलेली असतात. वाढत्या वयात हातापायांच्या लांब हाडांची टोके मधल्या भागापासून सुटी असतात आणि त्या दोहोंमध्ये मऊ कूर्चा असते. वाढ पुरी झाली म्हणजे ती सांधली जातात. कोणते टोक कोणत्या वयात सांधते याचा क्रम ठरलेला आहे. गळ्याखालच्या हाडाचे आतले टोक सर्वांत शेवटी, पंचविशीच्या आसपास, जुळते. त्यानंतर मात्र वयाचा अंदाज कठीण होत जातो. चाळिशीच्या माणसाविषयी 'पस्तीस ते पंचेचाळीस' असे म्हणावे लागते, आणि वृद्धाच्या बाबतीत तर पुष्कळदा 'वृद्ध' एवढेच.

सांगाडा स्त्रीचा की पुरुषाचा, हे मुख्यतः कमरेच्या हाडांवरून ओळखतात. बालकाचा जन्म सुकर व्हावा म्हणून स्त्रीच्या कमरेच्या हाडांची पोकळी अधिक रुंद असते. कवटीवरूनही काही सांगता येते. परंतु हे फरक वयात आल्यावर उमटतात. म्हणून कुंभातील बालक मुलगा होता की मुलगी होती, हे नुसत्या हाडांवरून निश्चित सांगता येत नाही. अलीकडे दातांवरील आवरणातील प्रथिनांची परीक्षा करून हे ओळखण्याची युक्ती निघाली आहे.

उंची काढणे त्यामानाने सोपे. मांडीचे हाड माणसाच्या उंचीच्या सुमारे चौथा हिस्सा असते. त्याचे माप घेतले की गणित करता येते. मोडलेले हाड तर स्वतःच बोलते. मोडल्यावर माणूस जगला असेल, तर मोडलेल्या जागी नवे हाड भरून गाठ येते. मरणाच्या वेळीच ते मोडले असेल, तर कडा तशाच धारदार राहतात. पायाचे मोडलेले हाड नीट जुळलेले आढळले, तर इतके कळते की कित्येक आठवडे त्या माणसाला शिकार करता आली नसेल, पाणी भरता आले नसेल, आणि कोणीतरी त्याला खाऊपिऊ घातले असेल. एके काळी स्नायू जेथे हाडाला चिकटतात तेथील उंचवटे पाहून 'हा धनुर्धर होता', 'ही स्त्री दळण दळीत असे', असे विद्वान छातीठोकपणे सांगत. आता तसे कोणी सांगत नाही. ते उंचवटे वयामुळे आणि शरीराच्या ठेवणीमुळेही वाढतात, असे दिसून आले आहे.

तथापि, सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणावा तो दातच. दातांवर जे चकचकीत कठीण आवरण असते, त्याला दंतवल्क म्हणतात. हाड जन्मभर झिजत असते आणि नव्याने भरत असते. दंतवल्काचे तसे नाही. ते एकदा तयार झाले की शरीर त्याची डागडुजी करीत नाही. कायमचे पटाशीचे दात सहासात वर्षांच्या वयात उगवतात. पण त्यांचे दंतवल्क हिरडीच्या आत पहिल्या चारपाच वर्षांतच घडत असते. त्या काळात मूल फार आजारी पडले किंवा त्याची उपासमार झाली, तर दंतवल्काचे काम थांबते, आणि मूल बरे झाले की पुन्हा सुरू होते. जेथे काम थांबले तेथे दातावर एक आडवी खाच राहते. ती खाच मनुष्य म्हातारा झाला तरी पुसली जात नाही. साठ वर्षांच्या माणसाच्या सांगाड्यात त्याच्या तिसऱ्या वर्षीचे दुखणे अशा रीतीने वाचता येते.

इनामगावच्या लोकांच्या दातांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पिठूळ पदार्थांचे कण दातांत अडकून राहिले की दात लवकर किडतात. म्हणून धान्यावर जगणाऱ्या लोकांत किडके दात अधिक, आणि शिकार व कंदमुळे यांवर जगणाऱ्यांत सामान्यतः कमी आढळतात. इनामगावच्या जुन्या थरांतील आणि अखेरच्या थरांतील दातांची तुलना केली, तेव्हा अखेरच्या काळात कीड कमी झालेली दिसली. दात चांगले झाले, म्हणजे लोक सुखी झाले असे वाटेल. परंतु त्याच थरांत ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आलेल्या होत्या, मडक्यांवरची नक्षी निकृष्ट झाली होती आणि वन्य पशूंची हाडे वाढली होती. सारे पुरावे एकत्र ठेवून पाहता असे दिसले की, इ. स. पू. १००० नंतर त्या गावाची शेती खालावली आणि लोकांना शिकारीचा व गुराढोरांचा आधार अधिक घ्यावा लागला. दात किडेनासे झाले, कारण ताटात भाकरी कमी झाली होती.

असे का व्हावे? डॉ. ढवळीकरांनी असे मत मांडले की त्या सुमारास हवामान कोरडे झाले, पाऊस कमी पडू लागला आणि अवर्षणाने गावाला हळूहळू उजाड केले. हे मत बराच काळ मान्य होते. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या संशोधिकेने इनामगावच्या लहान मुलांच्या हाडांचा नव्याने अभ्यास केला आणि २०११ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. दातांवरून प्रत्येक मुलाचे वय ठरवावयाचे आणि पायाच्या हाडांवरून त्या वयाला त्याची वाढ पुरेशी झाली होती की नाही हे पाहावयाचे, अशी ही रीत. अखेरच्या काळातील मुलांची वाढ खुंटलेली होती, हे तिला दिसून आले. परंतु सगळा दोष एकट्या पावसावर ढकलणे तिला पटले नाही. एकाच भूमीवर माणसांचा भार किती पडला, घरात मुले किती जन्मत, लोकांनी आपली राहणी कशी बदलली, हेही विचारात घेतले पाहिजे, असे तिचे म्हणणे आहे. वाद अजून संपलेला नाही. पण दोन्ही बाजूंचे पंडित ज्या साक्षीदारांकडे वळतात, ते घराच्या जमिनीखाली पुरलेली तीच मुले आहेत.

अशा साक्षीदारांची उलटतपासणी मात्र काळजीपूर्वक करावी लागते. ज्या मुलांची हाडे मिळाली, ती सगळी लहानपणी वारलेली मुले होती. जी धडधाकट राहिली आणि मोठी झाली, त्यांची बालपणीची हाडे आपल्या हाती येणेच शक्य नाही. तेव्हा गावातील सर्वच मुले अशी खुरटलेली होती, असे म्हणता येणार नाही. याहूनही चमत्कारिक गोष्ट अशी की रोगाची खूण हाडावर उमटण्यास वेळ लागतो. साथीच्या तापाने जो दोन दिवसांत गेला, त्याचा सांगाडा अगदी निर्दोष दिसतो; आणि जो रोगाशी कित्येक वर्षे झुंजला, त्याच्या हाडांवर खुणाच खुणा असतात. व्रण असलेला सांगाडा कदाचित अधिक कणखर माणसाचा असेल.

राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल येथे असाच एक कणखर माणूस सापडला. तेथेही डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनीच उत्खनन केले होते. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा हा पुरुष मध्यम वयाचा होता. दगडी भिंतींच्या एका मोठ्या आवारात, शेणाच्या राखेच्या थरांमध्ये, त्याला पुरलेले होते. त्याच्या चेहऱ्याच्या हाडांवर, नाकाच्या पोकळीभोवती आणि टाळूवर, विशिष्ट प्रकारची झीज होती. ती कुष्ठरोगाची खूण होय, असा निर्णय २००९ साली प्रसिद्ध झाला. कुष्ठरोगाचा त्याहून जुना असा हाडांतील पुरावा तोवर जगात कोठेही मिळालेला नव्हता. भारतात हा रोग इतका प्राचीन आहे, हे कोणत्याही पोथीवरून इतक्या खात्रीने सांगता आले नसते. कुष्ठरोग सावकाश पसरतो. हाडे झिजेपर्यंत तो पुरुष त्या रोगासह वर्षानुवर्षे जगला असला पाहिजे. त्या काळात गावाने त्याला जवळ केले होते की दूर लोटले होते? त्याला गावात पुरले, एवढे खरे. त्यापलीकडे हाडे काही सांगत नाहीत.

हाडे जेथे थांबतात तेथे थांबणे, हे या शास्त्रातले कदाचित सर्वांत अवघड काम असावे. इनामगावला प्रौढ माणसांना उत्तरेकडे डोके करून उताणे पुरीत आणि त्यांची पावले घोट्यापासून तोडीत. मृताने उठून घर सोडून जाऊ नये म्हणून तसे करीत असावेत, असा तर्क पुष्कळदा सांगितला जातो. तर्क मोठा मनोवेधक आहे. परंतु पावले नाहीत हे हाडांनी सांगितलेले आहे. ती का नाहीत हे आपण म्हणतो आहोत. त्याच गावात पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, पोट फुगीर असलेला कच्च्या मातीचा एक रांजण निघाला. त्यात सुमारे चाळीस वर्षांचा एक पुरुष बसविलेला होता. त्याची पावले मात्र शाबूत होती. इतरांना लागू असलेला नियम त्याला लागू नव्हता. घराचा मोठेपणा आणि दफनाचा हा थाट यांवरून तो गावाचा प्रमुख असावा, असे विद्वान मानतात.

गेल्या काही दशकांत हाडांना नव्या रीतीने बोलते करण्याची साधने हाती आली आहेत. सांगाड्याचा काळ ठरविण्यासाठी किरणोत्सर्गी कार्बनचा उपयोग १९४९ पासून होत आहे. सजीव मेल्यानंतर त्यातील या कार्बनचे प्रमाण सुमारे ५,७३० वर्षांत निम्मे होते. कार्बनचीच दुसरी परीक्षा आहाराची माहिती देते. गहू, जव, तांदूळ ही पिके हवेतील कार्बन एका रीतीने घेतात आणि ज्वारी, बाजरी, नाचणी ही दुसऱ्या रीतीने. त्याचा ठसा खाणाऱ्याच्या हाडांत राहतो. त्यामुळे एखाद्या समाजाच्या जेवणात बाजरीसारख्या धान्यांचा वाटा मोठा होता की गव्हाचा, हे हाडांवरून ताडता येते. दंतवल्कातील स्ट्राँशियम या मूलद्रव्याची परीक्षा तर माणूस लहानपणी कोणत्या प्रकारच्या खडकाच्या प्रदेशात वाढला हे सुचविते. दातांची साक्ष एका भूमीची आणि कबर दुसऱ्या भूमीत, असे आढळले की ओळखावे, ही व्यक्ती दुरून आली होती. लग्न होऊन, व्यापारासाठी, किंवा आणखी कशासाठी.

पेशींतील डीएनए वाचून माणसांची पूर्वपीठिका शोधणे हा तर नव्यातला नवा मार्ग. पण आपल्या देशाच्या उष्ण व दमट हवेत डीएनए लवकर नष्ट होतो. हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या मोठ्या नगराच्या दफनभूमीतून ६१ सांगाड्यांचे नमुने तपासण्यात आले. कानाच्या आतल्या भागाभोवती कवटीचे जे अत्यंत कठीण हाड असते, त्यात डीएनए टिकण्याचा संभव अधिक. म्हणून तेच मुख्यत्वे निवडले होते. वारंवार प्रयत्न करूनही केवळ एकाच नमुन्यातून पुरेसा डीएनए मिळाला. तो सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा होता. तिच्या डीएनएची माहिती २०१९ साली प्रसिद्ध झाली. उरलेल्या साठ सांगाड्यांनी त्या वेळी काही सांगितले नाही.

अशा परीक्षेसाठी हाडाचा थोडासा भाग कुटून त्याची भुकटी करावी लागते आणि भुकटी झालेला भाग पुन्हा मिळत नाही. म्हणून संशोधक शक्य तेवढा लहान तुकडा घेतात आणि बाकीचे हाड नोंदीसह पेटीत जपून ठेवतात. इनामगावच्या मुलांची हाडे अशीच ठेवलेली होती. त्यामुळे खोदकाम थांबल्यावर पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही त्यांचा वृत्तान्त पुन्हा एकदा, नव्या प्रश्नांनिशी, वाचता आला.